पाठीवरची चेन

३ नोव्हेंबर, सोमवार

मिरजेला जाऊन आलो. ह्यांचा उजवा डोळा गेलाच म्हणायचा. डावा आहे तेवढा आहे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू कडेकडेनं खात येतो. मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं दिसतंय. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते टिकवायचं. थेंब स. दु. सं. तीन बाटल्या. निळ्या टोपणाची फक्त रात्री.

येताना बसमधून कुपवाडला उतरताना ह्यांची पायरी चुकली. मी दंड धरला तर झटकला. "आंधळा झालो न्हाई अजून."

चारचौघांत. असू दे.

५ नोव्हें., बुधवार

लेथवरचं काम सुटलं. परवा माप चुकलं, हात थोडक्यात वाचला. मालक वाईट बोलले नाहीत, घरी बसा म्हणाले एवढंच. इलाहीभाऊजींनी डबा, टोपी, मोजपट्टी पिशवीत घालून घरी आणून दिली. शेजारच्याच लेथवर असतात ते. लग्नाआधीपासूनची ह्यांची दोस्ती. चहा घेतला नाही. दारातनंच, "येतो वैनी."

पिशवी तशीच खुंटीला.

९ नोव्हें., रविवार

रविवारची दुपार म्हणजे ह्यांचा सिनेमा. लग्न झाल्यापासून हे असंच. आणि सिनेमे तरी कसले, सगळे भुताचे. जुने, हिंदी, फाटक्या रंगाचे. पलंगाखाली खोकंभर सीड्या, आता इलाहीभाऊजींनी पेन ड्राइव्हवर घालून दिलेत ते वेगळे. मी स्वयंपाकघरात मशीन घेऊन शिवत बसायची आणि बाहेरून किंकाळ्या. एक अख्खा सिनेमा मी कधी बघितला नाही. हे आणि इलाहीभाऊजी मात्र तरुणपणी मिरजेत पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये ओळीनं दोन-दोन बघायचे.

आज टीव्हीला नाक लावून बसले. डावीकडं मान, उजवीकडं मान. पाइपातून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. बाईचं तोंड दिसलं तर हात दिसत नाही. अर्ध्यात बंद केलं. भिंतीकडं तोंड करून झोपले. झोपले नव्हते.

१६ नोव्हें., रविवार

आठवडाभर धड बोललेले नाहीत. भाकरी निम्मी टाकतात. दाढी वाढलीय.

दुपारी मशीन बंद करून ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, लावा, मी सांगते काय चाललंय ते.

"तू? तुला तर वकारी येती ह्याची."

"येऊ दे."

लावला. तळघरवाला. (नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत. ज्याच्यात जे आहे तेच त्याचं नाव.)

"एक बाई चाललीय."

"कुठनं?"

"जिन्यावरनं."

"वर का खाली?"

"खाली. हातात दिवा आहे."

"कसला दिवा?"

"मेणबत्ती हो."

"मंग दिवा का म्हणतीस?"

उठून आले. राग भांड्यांवर काढला. संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. "सुमन, बलाउज बेततीस तवा कापड कसं बघतीस? तसं बघ."

२३ नोव्हें., रविवार

आज मजा आली. असं लिहिताना मलाच नवल वाटतंय.

माकडवाला लावला. माकड म्हणजे माणसाएवढं केसाळ भूत. जंगलात रात्र. सगळं निळं निळं. बघता बघता म्हटलं, "रात्र आहे म्हणतात पण झाडांच्या सावल्या पडल्यात की. चांगल्या ठळक." हे एकदम ताठ बसले. "दिवसा घेतलंय त्ये! भिंगावर निळी काच लावायची झाली रात. लायटी परवडत न्हाईत त्यांस्नी."

मग म्हणाले, आता भूत पाठमोरं वळंल, नीट बघ. वळलं. केस, केस, आणि मधोमध उभी रेघ.

"चेन! आवं, पाठीला चेन आहे. स्कर्टाला असते तसली. वरून थोडी उघडीच राहिलीय."

हे हसले. कितीतरी दिवसांनी. खोकला येईस्तोवर हसले. "घावली तुला. मला आन् इलाहीला लय बघितल्यावर घावली हुती."

दाढी केली संध्याकाळी. मीच केली. एका ठिकाणी लागलं.

३० नोव्हें., रविवार

इलाहीभाऊजी आले. केळी आणली. तिघं बसलो. मी मध्ये, हे डावीकडं, भाऊजी खुर्चीवर.

मी सांगत होते. बाईनं लांब गाऊन घातलाय, मोरपंखी, खाली सोनेरी वेलबुट्टी. मग माझं मलाच थांबल्यासारखं झालं. म्हटलं, हे कापड बघितलंय मी. तळघरवाल्यात मोठ्या खिडकीला हाच पडदा होता. त्याचाच शिवलाय. पडद्याची घडी मोडलेली नाही अजून, कमरेवर आडवी दिसतेय. आणि हात घाईनं लावलेत, खांद्याला चुण्या आल्यात. कुणीतरी रात्रीत शिवून दिला असणार.

इलाहीभाऊजींनी मांडीवर थाप मारून ह्यांना म्हटलं, "बिरा, वैनीनं मारलं की रं आपल्याला!"

हे म्हणाले, "जलमभर बघतूय. मला न्हाई दिसलं कवा."

मी विचारलं, खरं सांगा, काय आवडतं ह्यात? एवढे चांगले सिनेमे असतात. भाऊजी म्हणाले, आमाला तवा थंडगार अंधार आणि बसायला जागा मिळायची, बास. मग हे म्हणाले, "चांगल्या शिनेमात माणूस दिसत न्हाई. कुणी केलं, कसं केलं, कायच कळत न्हाई. ह्यात दिसतंय. पैसा न्हाई, येळ न्हाई, रबराचा हात हाय आन् तीन माणसं हायती, आन् तरी म्हणत्यात चला, लोकांस्नी घाबरवूया. मला त्येंची माया येती."

मला त्या गाऊनवालीची आली. म्हणजे शिवणारीची.

४ डिसेंबर, गुरुवार

मिरज. डाव्या डोळ्याचं प्रेशर खाली येत नाही. ऑपरेशन म्हणतात. त्यानं नजर सुधारणार नाही, टिकली तर टिकेल. आणि एवढी कमी राहिलेली असली की ऑपरेशनमध्ये ती पण जाऊ शकते, हे आधीच सांगतो म्हणाले. नाही केलं तरी जाणारच. डॉक्टर साधे आहेत, तोंडावर खरं सांगतात. राग पण धरता येत नाही.

उठताना म्हणाले, मुलंबाळं? म्हटलं, एक मुलगी. साताऱ्याला दिलीय, शाळेत शिक्षिका आहे. "तिला तपासून घ्यायला सांगा. हे घराण्यात उतरतं. लवकर कळलं तर थेंबांवर थांबतं."

ह्यांच्या हातातली फाइल खाली पडली. मी उचलली.

रिक्षात म्हणाले, "आत्ताच बोलू नगंस तिला." मी म्हटलं, का? "नगंस म्हटलं न्हवं."

६ डिसें., शनिवार

बोलले. फोनवर. ह्यांना न सांगता, गच्चीत जाऊन. मनीषा म्हणाली, "आई, माझे डोळे छान आहेत. मला चष्मासुद्धा नाही. तू आप्पांचं बघ आधी." म्हटलं, चष्म्याचा आणि ह्याचा संबंध नाही. "बरं बघू, परीक्षा संपू दे मुलांच्या."

शाळेत वर्षभर परीक्षाच असतात.

१० डिसें., बुधवार

ऑपरेशन झालं. मनीषा आणि जावई संदीपराव आले होते. इलाहीभाऊजी दुपारपासून बाहेर बाकावर. पट्टी आहे. उद्या काढतील.

११ डिसें.

पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरली पुढं. किती? हे म्हणाले, कुठं?

खिडकीकडं तोंड केलं की उजेड आहे एवढं कळतं. बाकी

१५ डिसें., सोमवार

घरी आलो त्याला चार दिवस. खाटेवर बसून असतात. हाताला घरातलं सगळं लागतं, आणि लागलं की दचकतात. काल माठ फुटला. मी काही बोलले नाही तर म्हणाले, "बोल की. बोलत का न्हाईस? कुठं हायस?"

मी तिथंच होते. दोन हातांवर.

आता मी सारखी बडबडत असते. भाजी चिरतेय. दार लावतेय. मांजर आलंय. रेडिओ झालाय माझा.

१८ डिसें., गुरुवार

सकाळी विचारलं, अंघोळ? नको. जेवण? नको. मग काय? म्हणाले, "काय करायचंय राहून." एवढंच, आणि तेही रागानं नाही. भाव विचारावा तसं.

विळी, सुरी, औषधं, सगळं वरच्या फळीवर ठेवलं. माझी कातरीसुद्धा. शिवताना दर वेळी उठून काढते.

इलाहीभाऊजींना फोन केला, येत चला म्हटलं. लगेच आले, कामावरचे कपडे तसेच.

२१ डिसें., रविवार

भाऊजींनीच काढला विषय. "चल गड्या, लावूया एक." हे नको म्हणाले नाहीत. माझ्या हातात ब्लाउज होता, उद्या द्यायचा. म्हटलं, तुम्ही लावा, मी काजं करून येते. नुसते आवाज ऐकले तरी ह्यांना पाठ आहे सगळं.

आतून ऐकत होते. वारा, दाराचं करकरणं, कुत्रं, ते पाण्याचं टप टप. मग बाईची किंकाळी. आणि तिच्यावर ह्यांची.

धावत गेले. हे खाटेच्या कोपऱ्यात, पाय पोटाशी. भाऊजींचं मनगट एवढं घट्ट धरलेलं की त्यांना सोडवता येईना. "बंद कर. बंद कर रं."

बंद केलं. घामानं शर्ट भिजलेला. पाणी दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज भ्यालो. इतकी वर्सं बघितलं, कवा भ्यालो न्हाई. चेन दिसायची ना. आता नुसता आवाज. आन् अंधार. त्यो आवाज कुठनं येतूय तेच कळंना."

इलाहीभाऊजी बाहेर जाऊन उभे राहिले. मी गेले तर टोपीनं तोंड पुसत होते. "आमी घाबरवायला न्हवतं लावलं वैनी." म्हटलं, माहीत आहे हो.

२२ डिसें.

रात्री झोपेत हात शोधत होते. दिला.

२५ डिसें., गुरुवार

दुपारी कुणी नव्हतं. त्यांनीच म्हटलं, "तेच लाव. पर तू बस. आन् सांग." 

म्हटलं, कशाला? पुन्हा त्रास.

"न्हाई. तसं सोडलं तर ते राहील माज्या डोक्यात. लाव."

लावलं. आवाज निम्मा. त्यांचा हात माझ्या हातात. मी सांगायला लागले. वारा आलाय तो पंख्याचा आहे, एकाच झुडपाची पानं हलतात, शेजारचं झुडूप शांत. धूर डावीकडून येतोय, एकाच कोपऱ्यातून, आणि धूर करणाऱ्याची चप्पल दिसतेय खाली. टप टप आहे तिथं पाणी नाही कुठं, नुसती भिंत. आता ती बाई वळतेय. किंचाळणार आहे, पण तिचं लक्ष भुताकडं नाही, त्याच्या शेजारी बघतेय, कुणीतरी सांगितलं असणार इकडं बघ म्हणून.

किंकाळी आली. हात गच्च झाला. "आन् भूत?"

"भुताचा मुखवटा हनुवटीला सुटलाय. खालून माणसाची दाढी दिसतेय. दोन दिवसांची."

"दाढी?"

"खुंटं. पांढरी पण आहेत मधून. वय झालेला असणार बिचारा."

हात सैल पडला. शेवटपर्यंत बघितलं. जेवले नंतर, पोटभर नाही पण जेवले.

४ जानेवारी, रविवार

आज विहिरीवाला. हा मी आधी बघितला नव्हता. सुरुवातीपासून मी खोट शोधत होते आणि सापडेना. कुठं शिवण उसवलेली नाही, सावली चुकलेली नाही. एक घर, एक विहीर, एक बाई रोज पाणी काढते आणि रोज कुणीतरी कमी होतं घरातलं. भूत येतच नाही समोर. माझ्याच अंगावर काटा.

हे विचारतात, "चेन दिसतीया का?"

म्हटलं, "हो दिसतेय की. मानेपाशी."

थांबले. म्हणाले, "ह्यात न्हाई चेन, सुमन. ह्यात भूतच दावत न्हाईत."

मी सिनेमा थांबवला.

"खोटं नगं सांगू. तू सांगशील तेवढंच मला दिसतंय आता. त्यात खोटं आलं तर मग मी कुठं बघू?"

मग उरलेला सिनेमा खरा सांगितला. दोघं भ्यालो. दुपारची तीनची वेळ, बाहेर उसाचे ट्रॅक्टर चाललेत गाणी लावून, आणि आम्ही दोघं म्हातारी एकमेकांना धरून.

११ जाने., रविवार

साताऱ्याला आलो. मनीषा ऐकेचना. "तिथं एकटे किती दिवस राहणार?" संदीपराव गाडी घेऊन आले. इलाहीभाऊजी निरोप द्यायला, पेन ड्राइव्ह ह्यांच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं. "परत ये रं." ह्यांनी भाऊजींच्या तोंडावरून हात फिरवला. आंधळ्यानं फिरवावा तसा. मला बघवलं नाही.

शाहूपुरीत दुसरा मजला. गॅलरीतनं अजिंक्यतारा दिसतो. ह्यांना सांगितला. "ठावं हाय मला कुठं असतोय त्यो."

१४ जाने., बुधवार

संक्रांत. मनीषानं वाण वाटलं. घर बायकांनी भरलेलं, हे आतल्या खोलीत. मी तीळगूळ घेऊन गेले तर म्हणाले, "कोण कोण हाय?" सांगितलं. साड्यांचे रंग पण सांगितले.

एक गोष्ट. मनीषा ट्रे घेऊन येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. वाण सांडलं. हसली, "ही चौकटच मधे येते सारखी." दंडावर एक जुना काळानिळा डाग होता, मी काल बघितला होता. स्कूटीचा डावीकडचा आरसा पण तुटलाय.

सगळ्यांचंच आपटतं. माझं पण आपटतं.

१८ जाने., रविवार

भांडण. नको होतं व्हायला.

हे म्हणाले, आज रविवार. मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायला गेले. मनीषा म्हणाली, "आई, ते नको इथं. मला लहानपणी त्या आवाजांनी झोप लागायची नाही. पांघरूण तोंडावर घेऊन पडायचे. तुम्हाला कुणाला कळलं पण नाही." हे ऐकत होते. मी म्हटलं, बाई, त्यांना दुसरं काय आहे आता? ती म्हणाली, गाणी लावते, कीर्तन लावते. मग मी बोलून गेले, "बघायचं नाही म्हटलं की नाही बघायचं, तुझं असंच आहे. डोळ्यांचं पण तसंच."

ती पांढरी पडली. "मला काही झालेलं नाही."

"मग दाखवून ये."

"आणि झालं असेल तर?" ओरडली. "रोज आप्पांना बघतेय की मी. अजून काय बघू?"

दार लावून घेतलं. संदीपराव भाजी आणायला गेले, पिशवी न घेता.

ह्यांनी सगळं ऐकलेलं. संध्याकाळी म्हणाले, "माज्याकडनंच गेलं आसंल तर गं…" म्हटलं, आधी गेलंय का ते तरी कळू दे. मग बोलू.

२० जाने., मंगळ.

घरात सगळे हळू बोलतात. मी फुकाचे पडदे शिवून देतेय.

२३ जाने., शुक्रवार

आज लिहायला हवं नीट.

मनीषा शाळेतनं दुपारीच आली. चहा झाला. हे म्हणाले, "मने, एक काम करशील? एक शिनेमा हाय. आवाज बारीक ठिव. आई नगं, तू सांग मला."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "एकच. आणि मी भ्याले तर बंद करणार."

"कर की."

कुठला ते त्यांनी नीट सांगितलं, तिनं शोधून लावला. मी हा बघितला नव्हता. हवेलीतली नवी सून, नवरा परगावी, घरात म्हातारी सासू. मनीषा सांगायला लागली. शिक्षिका ती, छान सांगते. सून पलंगावर बसलीय, केस सोडलेत, आरशात बघतेय, आता उठली, दिवा लावला. हे मान हलवत होते.

मी बघितलं. सून मधोमध, उजेडात. आणि अगदी डाव्या कडेला, पडद्याच्या फटीत, एक पांढरं तोंड. हलत नाही, नुसतं उभं. दिवा लागायच्या आधीपासून.

मनीषा म्हणाली, "आता ती पत्र वाचतेय."

हे म्हणाले, "खोलीत आनखी कोण हाय?"

"कोण नाही आप्पा. एकटीच आहे."

"नीट बघ."

"एकटीच आहे हो. रडतेय."

तोंड तिथंच होतं. आता थोडं पुढं आलेलं. मी बोलणार होते. ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि दाबला.

"पडद्यापाशी?" ह्यांचा आवाज अगदी हळू.

"पडदा… पडदा आहे नुसता."

हाच सिनेमा त्यांनी का मागितला ते मला तेव्हा कळलं. ह्यात भूत पहिल्यापासून कडेलाच उभं असतं. 

कुणाला पहिल्यांदा दिसत नसेलही. मला तरी सवयीनं दिसलं. डोळा रडणारीकडंच जातो. हे मी आत्ता स्वतःला सांगतेय.

मनीषानं टीव्ही थांबवला. हळूच विचारलं, "काय आहे तिथं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी हात केला डावीकडं. ती उठून टीव्हीजवळ गेली, मान वळवली, आणि मग दिसलं तिला. मागं सरकली. बराच वेळ उभी होती तशीच. मग ह्यांच्या पायाशी खाली बसली. म्हणाली, "आप्पा, मी फक्त तिच्याकडं बघत होते."

"व्हय. आसंल," हे म्हणाले. तिच्या डोक्यावर हात शोधत होते, तो आधी खांद्याला लागला.

२४ जाने.

मनीषा सकाळी कुणाशी तरी फोनवर. मंगळवारी नंबर लागलाय म्हणाली, मीठ मागावं तसं. मी पण तसंच, "बरं."

२७ जाने., मंगळवार

दवाखान्यात लिहितेय, पावतीच्या मागं.

हे म्हणाले, मी बी येतो. मनीषा म्हणाली, आप्पा, तुम्ही तिथं काय करणार? "बाहेर बसतो."

तिघं बाकावर. मनीषाच्या डोळ्यांत थेंब घातलेत, बाहुली मोठी व्हायला. मिटून बसायला सांगितलंय. ह्यांच्या शेजारीच बसली. दोघांची हनुवटी सारखीच वर. मी उगीच खिडकीकडं बघतेय.

मघाशी ती म्हणाली, "किती वेळ लागेल?" हे म्हणाले, "लागतोय जरा." मग थोड्या वेळानं त्यांनी आपलं आपण सुरू केलं. "एक घर असतंय मने. जुनं. त्यात एक पोरगी नवीन राहायला येती…" मला वाटलं ती आता थांबवेल. लहानपणीचं सगळं मनात असणार तिच्या.

"कुठनं येते?" तिनं विचारलं. डोळे मिटलेलेच.

"गाडीनं. पाऊस पडत असतोय. पर पाऊस त्या गाडीवरच पडतोय बघ, मागं रस्ता कोरडा."

ती हसली नाही. पण त्यांच्या दंडाला धरून जरा सरकली.

नर्सनं नाव पुकारलं तेव्हा गोष्ट तळघराच्या दारापाशी आली होती. मनीषा उठली. हे म्हणाले, "जाऊन ये. मी हितंच थांबतो."